हम्बोल्ट, ज्वालामुखीचे बेट आणि आपला काळा पाषाण

धाराशिव शहराजवळची लेणी ज्या खडकात कोरली आहेत, नळदुर्गच्या किल्ल्याचे बुरूज ज्या दगडाने बांधले आहेत आणि गावोगावी विहीर खणताना मुरुमाखाली जो काळा पाषाण लागतो, तो सगळा एकाच जातीचा खडक आहे. त्याला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, त्याचे थरावर थर साचले आणि ते थंड होऊन हा खडक तयार झाला. १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारी परिसरात खोल छिद्र घेतले, तेव्हा तिथे या थरांची एकूण जाडी सुमारे ३३८ मीटर भरली.

आज ही माहिती शाळेच्या पुस्तकात असते. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मात्र युरोपातील नामवंत अभ्यासक याच दगडावरून भांडत होते. एका गटाचे म्हणणे होते, की बेसॉल्ट हा प्राचीन समुद्राच्या पाण्यातून खाली बसलेला गाळ आहे. दुसरा गट म्हणत होता, की तो आगीतून, म्हणजे ज्वालामुखीतून आला. पहिल्या गटाच्या गुरूकडे शिकलेला एक तरुण जून १७९९ मध्ये अटलांटिक महासागरातील एका बेटावर उतरला आणि तिथला ज्वालामुखी चढून गेला. त्याचे नाव अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट. हवामान, वनस्पती, पाणी आणि माणूस यांचा एकत्र विचार करण्याची जी पद्धत आज आपल्याला सवयीची वाटते, तिचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव फार वर आहे. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या आपल्यासाठी तर त्यांचे आयुष्य मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे.

खाणीतला अधिकारी

हम्बोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिनमध्ये एका सधन घरात झाला. वडील प्रशियाच्या सैन्यात अधिकारी होते. अलेक्झांडर नऊ वर्षांचा असताना ते वारले. आई शिस्तीची. मुलांनी सरकारी नोकरीत नाव काढावे, ही तिची इच्छा. थोरला भाऊ विल्हेल्म पुढे मोठा भाषाशास्त्रज्ञ झाला. त्याने संस्कृत शिकून भगवद्गीतेवर व्याख्याने दिली. धाकट्याचा जीव मात्र पाने, किडे आणि दगड गोळा करण्यात रमायचा.

कॅप्टन कुक यांच्याबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले गेओर्ग फॉर्स्टर यांच्यासोबत १७९० मध्ये हम्बोल्ट यांनी ऱ्हाईन नदीच्या काठाने प्रवास केला. त्याच वर्षी ऱ्हाईनकाठच्या बेसॉल्टवर त्यांचे छोटे पुस्तक निघाले. त्यात त्यांचा कल पाण्याच्या बाजूने होता. पुढे फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात त्यांना गुरू मिळाले तेही आब्राहाम वेर्नर, म्हणजे पाण्याच्या पक्षाचे म्होरके.

१७९२ मध्ये ते सरकारी खाण अधिकारी झाले. खाणीतल्या कोंडलेल्या हवेत मजुरांचे दिवे विझत, माणसे गुदमरत. हम्बोल्ट यांनी अशा हवेत पेटता राहील असा दिवा आणि श्वास घेण्याचे एक उपकरण तयार केले. ही साधने ते स्वतःवर तपासत. एकदा दिव्याची चाचणी घेताना ते खाणीतच बेशुद्ध पडले आणि त्यांना ओढून बाहेर काढावे लागले. मजुरांच्या मुलांसाठी त्यांनी पदरच्या पैशाने मोफत शाळाही सुरू केली.

१७९६ च्या अखेरीस आई वारली. वारशाने मोठी रक्कम हाती आली. हम्बोल्ट यांनी नोकरी सोडली आणि सगळा पैसा प्रवास व उपकरणे यांत घालायचे ठरवले. पॅरिसमध्ये त्यांना एमे बोंप्लां हा जोडीदार मिळाला. त्याचे शिक्षण वैद्यकाचे आणि ओढ वनस्पतींची. युरोपात युद्ध चालू असल्यामुळे एकामागून एक बेत फसले. शेवटी दोघे स्पेनला गेले आणि राजाकडून दक्षिण अमेरिकेतील वसाहतींत फिरण्याचा परवाना मिळवला. ५ जून १७९९ रोजी त्यांचे जहाज निघाले. वाटेत पहिला मुक्काम होता टेनेरिफ बेटाचा.

बेटावरचे सहा दिवस

टेनेरिफ हे आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यापासून दूर असलेले कॅनरी द्वीपसमूहातील बेट. समुद्राच्या तळातून उफाळलेल्या लाव्हानेच ते घडले आहे. त्याच्या मधोमध ३,७१५ मीटर उंचीचा तेईदे पर्वत उभा आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे तेईदेच्या निम्म्याहूनही कमी. हम्बोल्ट उतरले त्याच्या आदल्याच वर्षी, १७९८ मध्ये, या पर्वताच्या अंगावर उद्रेक होऊन लाव्हा वाहिला होता.

१९ जूनला ते बेटावर पोहोचले आणि २१ तारखेला वाटाडे घेऊन चढायला निघाले. सोबत तापमापक, हवेचा दाब मोजणारा वायुभारमापक आणि आकाशाचा निळेपणा मोजणारे एक उपकरणही होते. खाली द्राक्षांचे मळे आणि फळबागा होत्या. वर गेल्यावर दमट हवेतले दाट जंगल लागले. त्याच्या वर पाईन, त्याही वर रेतामा नावाची काटक झुडपे, मग तुरळक गवत आणि शेवटी नुसता उघडा दगड. चढताना तापमान उतरत होते आणि प्रत्येक टप्प्याला झाडांची जात बदलत होती. एका डोंगराच्या उतारावर जणू अनेक देश एकावर एक रचून ठेवले होते.

रात्र त्यांनी तंबूशिवाय, खडकाच्या आडोशाला, शेकोटी पेटवून काढली. पहाटे सैल राखेचा शेवटचा उभा चढ चढून ते विवराच्या कडेला पोहोचले. वारा इतका गार, की हात बधिर झाले; आणि खडकाच्या भेगांतून निघणाऱ्या वाफेने बुटांतले पाय भाजत होते. पुस्तकात वाचलेला ज्वालामुखी आता पायाखाली धगधगत होता. जवळच काळ्या, फेसाळलेल्या, काचेसारख्या दगडांचे लोट गोठलेले दिसत होते.

एका चढाईत त्यांचे मत फिरले असे नाही. गुरूची शिकवण सुटायला वेळ लागतो. पण शंका मनात घर करून राहिली. पुढे दक्षिण अमेरिकेत त्यांनी एकामागून एक ज्वालामुखी पाहिले. मेक्सिकोत त्यांनी होरूयो पाहिला. १७५९ मध्ये सपाट शेतजमिनीतून उठलेला हा ज्वालामुखी त्या वेळी अवघ्या ४४ वर्षांचा होता. हळूहळू त्यांनी पाण्याचा पक्ष सोडला. आपल्याच पहिल्या पुस्तकाच्या विरोधात जाताना त्यांना संकोच वाटला नाही.

ताप, डास आणि विरळ हवा

बेट सोडल्यावर जहाजावर तापाची साथ पसरली आणि एक तरुण प्रवासी दगावला. त्यामुळे हवानाला जाण्याऐवजी हम्बोल्ट आणि बोंप्लां १६ जुलैला व्हेनेझुएलातील कुमाना बंदरातच उतरले. हा बदल पथ्यावर पडला. ओरिनोको नदीच्या खोऱ्याचा त्यांचा प्रसिद्ध प्रवास त्यातूनच घडला.

नदीवर डासांनी त्यांना अक्षरशः फोडून काढले. परत येताच दोघेही तापाने आजारी पडले. बोंप्लां तर मरता मरता वाचला. डासामुळे हिवताप होतो, हे कळायला अजून जवळपास शंभर वर्षे होती. बाणांना लावायचे क्युरारे विष स्थानिक लोक कसे बनवतात, हे त्यांनी पाहिले आणि चाखूनही पाहिले. ते रक्तात गेले तरच घातक ठरते, पोटात गेल्यास सहसा नाही, हे त्यांना स्थानिकांकडून समजले होते. याच विषातला घटक पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी वापरात आला.

२३ जून १८०२ रोजी, तेईदेनंतर बरोबर तीन वर्षांनी, ते आजच्या इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वतावर चढत होते. तो त्या काळी जगातला सर्वांत उंच पर्वत समजला जाई. मळमळ, चक्कर, लाल झालेले डोळे, हिरड्यांतून रक्त अशा अवस्थेत त्यांनी त्यांच्या मोजमापानुसार ५,८०० मीटरहून अधिक उंची गाठली. पुढे एक मोठी घळ आडवी आल्याने शिखर हुकले. या त्रासाचे कारण उंचावरील हवेत मिळणारा कमी प्राणवायू आहे, हे ओळखणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत हम्बोल्ट होते.

हा मुद्दा आजही कामाचा आहे. आपल्याकडून दरवर्षी अनेक जण केदारनाथला जातात. ते सुमारे ३,५०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. लेह शहरही साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. सपाटीवरून एकदम तिथे पोहोचल्यास डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे असा त्रास कोणालाही होऊ शकतो. तरुण आणि धडधाकट असणे ही त्याविरुद्धची हमी नाही. चढ टप्प्याटप्प्याने करावा, पहिल्या दिवशी दगदग टाळावी आणि त्रास वाढू लागला तर आणखी वर न जाता खाली उतरावे. बसल्या जागीही धाप लागणे, तोल जाणे किंवा भान हरपणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी तातडीने खाली आणणे आणि वैद्यकीय मदत घेणे हाच उपाय. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

सरोवर का आटले?

हम्बोल्ट यांच्या प्रवासातला आपल्याला सर्वांत जवळचा प्रसंग मात्र सपाटीवरचा आहे. १८०० च्या फेब्रुवारीत ते व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवरावर पोहोचले. सरोवराचे पाणी वर्षानुवर्षे मागे हटत होते. पूर्वीची बेटे आता काठावरच्या टेकड्या झाली होती. तळाला कुठेतरी गुप्त भोक आहे आणि त्यातून पाणी निघून जाते, असा लोकांचा समज होता.

हम्बोल्ट यांनी खोरे फिरून पाहिले, बाष्पीभवनाचा अंदाज घेतला, आसपासच्या ओढ्यांची चौकशी केली. त्यांना दोन कारणे दिसली. पहिले, डोंगरउतारावरचे जंगल शेतीसाठी तोडले गेले होते. झाडांची सावली, मुळे आणि पाचोळा गेल्यावर पावसाचे पाणी मुरेनासे झाले. ते माती घेऊन एकदम वाहून जाऊ लागले आणि झरे आटले. दुसरे, सरोवराला मिळणारे ओढे वाटेतच अडवून नीळ आणि इतर नगदी पिकांच्या मळ्यांकडे वळवले होते. गुप्त भोक कुठेच नव्हते. पाणी कुठे जाते, ते उघड्यावर दिसत होते. फक्त ते कुणी मोजले नव्हते.

त्यांच्या या निष्कर्षातील पहिले कारण जगभर गाजले आणि झाडे लावा ही हाक आपणही ऐकत आलो. दुसरे कारण आपण सोयीने विसरतो. धाराशिव जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. इथला बेसॉल्ट भूजलाच्या बाबतीत हात आखडता घेणारा खडक आहे. पाणी साठते ते वरच्या मुरुमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत; एकसंध काळ्या पाषाणात ते जवळजवळ नसतेच. म्हणून बोअर शेकडो फूट खोल नेली तरी पाणी लागेलच असे नाही, आणि लागले तरी ते टिकेलच असे नाही. अशा खडकावर बालाघाटच्या डोंगरांचे उतार बोडके करायचे आणि खाली उसासारख्या तहानलेल्या पिकाचे क्षेत्र वाढवायचे, हे हम्बोल्ट यांनी पाहिलेल्या खोऱ्यापेक्षा फार वेगळे नाही. तिथे नीळ होती, इथे ऊस आहे. मागच्या दशकातील दुष्काळांत टँकरमागे धावलेल्या गावांना हे सांगायची गरज नाही.

भारत राहून गेला

१८०४ मध्ये हम्बोल्ट युरोपात परतले ते सुमारे ६०,००० वनस्पतींचे नमुने घेऊन. कोणत्या उंचीवर काय उगवते, हे दाखवणारा पर्वताचा उभा छेद त्यांनी चित्ररूपात प्रसिद्ध केला. त्याची पहिली रेघ तेईदेच्या उतारावरच पडली होती, असे म्हणता येईल. १८१७ मध्ये त्यांनी समान तापमानाची ठिकाणे रेषांनी जोडून दाखवली. हवामानाच्या नकाशावरील समताप रेषा त्या याच. प्रवासवर्णने आणि नमुन्यांची सचित्र पुस्तके छापण्यात उरलासुरला वारसाही संपला.

त्यांची मोठी इच्छा होती हिमालय पाहण्याची. अँडीज आणि हिमालय यांची तुलना करायची होती. त्यासाठी त्यांनी लंडनमध्ये पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, पण ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. स्पॅनिश वसाहतींतील गुलामगिरी आणि अन्यायावर त्यांनी उघडपणे लिहिले होते. असा माणूस आपल्या राज्यात फिरू देणे कंपनीला परवडले नसावे. १८२९ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, रशियाच्या झारच्या निमंत्रणावरून ते सायबेरियातून थेट चीनच्या सीमेपर्यंत गेले. हिमालय मात्र राहूनच गेला.

पुढे त्यांच्या खटपटीने श्लागिंटवाईट बंधूंना भारतात येता आले. १८५४ मध्ये मुंबईत उतरून त्यांनी दख्खन ओलांडले आणि मग हिमालयापर्यंत मोजमापे घेतली. हम्बोल्ट स्वतः आले नाहीत, पण त्यांची पद्धत या काळ्या पठारावरून चालून गेली.

त्यांचे प्रवासवर्णन वाचून भारावलेला एक इंग्रज तरुण जानेवारी १८३२ मध्ये टेनेरिफच्या बंदरात आला. तो चार्ल्स डार्विन. पण इंग्लंडमध्ये कॉलऱ्याची साथ होती; बेटाच्या अधिकाऱ्यांनी जहाजाला बारा दिवस विलगीकरणात राहायला सांगितले. कप्तान थांबायला तयार झाला नाही. डार्विनला तेईदे लांबूनच पाहून पुढे जावे लागले.

बर्लिनला परतल्यावर हम्बोल्ट यांनी १८२७-२८ मध्ये मोफत जाहीर व्याख्याने दिली. त्यांना कारागिरांपासून दरबाऱ्यांपर्यंत सगळे येत, स्त्रियाही येत. विद्यापीठाची दारे तेव्हा स्त्रियांना बंद होती. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी कॉसमॉस हा ग्रंथ खंडाखंडाने प्रसिद्ध करायला घेतला आणि शेवटपर्यंत ते त्यावर काम करत राहिले. ६ मे १८५९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पाचवा खंड अपुरा राहिला.

ते बेट आणि आपण

तेईदेचा परिसर १९५४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला आणि २००७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता केबल कारने ३,५५५ मीटरपर्यंत जाता येते. शेवटचा टप्पा चढायला मात्र आगाऊ परवाना लागतो, आणि उद्यानातला दगड किंवा झाड उचलायला बंदी आहे. एवढ्या प्रचंड ज्वालामुखीवरचे जीवन किती नाजूक आहे, हे तिथल्या लोकांनी ओळखले आहे.

आपल्या पठाराचेही एका बेटाशी नाते आहे. ज्या तप्त स्रोतातून दख्खनचा लाव्हा आला, तोच आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूभाग त्याच्यावरून सरकत उत्तरेला आला. स्रोत मागेच राहिला. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वारंवार उसळतो. त्याचा परिसरही आता राष्ट्रीय उद्यान आहे. म्हणजे आपल्या विहिरीतल्या काळ्या दगडाचा तरुण भाऊ तिकडे आजही जन्म घेतो आहे.

तेवढ्या लांब जाणे प्रत्येकाला शक्य नाही. पण येडशीचे रामलिंग अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. पाऊस सुरू झाल्यावर तिथल्या घाटात जाऊन पाहावे. झाडीखालची माती आणि बाहेरच्या उघड्या माळाची माती हातात घेऊन पाहावी. पाणी कुठे मुरते आणि कुठे गढूळ होऊन पळते, ते डोळ्यांनी दिसते.

आणि मोजावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. दोरी आणि वही घेऊन कोणतेही गाव आपल्या विहिरींची नोंद ठेवू शकते. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी पावसाचा आणि पाण्याचा हिशेब मांडून मग पिके ठरवते, आणि दुष्काळातही तग धरते. हम्बोल्ट यांनी व्हॅलेन्सियाच्या काठावर केले तेही याहून वेगळे नव्हते. पाणी किती आले, किती गेले आणि कुणीकडे वळले, हे त्यांनी विचारले. यंदाच्या ऑक्टोबरात, पीक निवडण्याआधी, तोच प्रश्न आपल्या गावाच्या ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे.